पेशीपटलातल्या प्रथिनाचा अंदाज

नमस्कार श्रोतेहो. पेशीच्या पटलात रुतून बसलेली प्रथिनं, हा आजचा विषय. आपल्या औषधांपैकी निम्म्याच्या आसपास औषधं याच प्रथिनांवर काम करतात, आणि नेमका त्यांचाच आकार शोधणं महाकठीण. पटल स्निग्ध असतं. त्यातून बाहेर काढलं की प्रथिन विस्कटतं, स्फटिक सहजासहजी धरत नाहीत. म्हणून ज्यांच्या साखळीने प्रथिन बनतं त्या अमिनो आम्लांचा क्रम संगणकाला द्यायचा आणि आकाराचा अंदाज घ्यायचा. पाण्याला टाळणारी वीसेक आम्लं सलग दिसली, की तिथे साखळी मळसूत्रासारखी वळत पटल ओलांडत असणार. हा आडाखा १९८०च्या दशकापासूनचा.

आता २०२० सालची गोष्ट ऐका. मला ती सांगायला फार आवडते. आकार ओळखण्याच्या 'कॅस्प' स्पर्धेत अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीची उत्तरं इतकी अचूक आली, की लबाडी तर नाही ना, अशी शंका आली. परीक्षकांपैकी आंद्रे लुपास हे जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेचे. त्यांनी मुद्दाम आर्किया गटातल्या एका सूक्ष्मजीवाचं पटल-प्रथिन पुढे केलं. त्याचा आकार कोणालाच ठाऊक नव्हता. खुद्द लुपास यांनाही नाही! त्यांच्या गटाने त्याच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडून ठिपके मिळवले होते, पण दहा वर्षं झटूनही आकार हाती लागला नव्हता. कारण ठिपक्यांतून लहरींची तीव्रता कळते, पण त्यांची कला, म्हणजे लहर कुठल्या टप्प्यावर आहे ते, हरवतं, आणि कलेवाचून आकार उभा राहत नाही. अल्फाफोल्डने उत्तर दिलं: तीन भागांचं प्रथिन, मधोमध दोन लांब मळसूत्री बाहू. लुपास यांच्या गटाने ते जुन्या ठिपक्यांवर बसवलं. अर्ध्या तासात जुळलं. दहा वर्षं अडलेलं, अर्ध्या तासात! उत्तर जगात कुठेच नव्हतं, मग चोरणार कुठून?

ते ठिपके जपून ठेवले होते, म्हणून पडताळा झाला. माझं तर ठाम मत आहे, फसलेल्या प्रयोगांच्या नोंदीही छापायला हव्यात. नाहीतर दुसरीकडचा विद्यार्थी त्याच वाटेवर उमेदीची वर्षं घालवतो. असो.

मात्र अल्फाफोल्डच्या उत्तरात प्रथिन असतं, पटल नसतं. पटल नसतं, हे ध्यानात ठेवा. कुठलं टोक पेशीच्या आत, कुठलं बाहेर, हे वेगळं ठरवावं लागतं. तिथे स्वीडनच्या गुनार फॉन हेयने यांचा १९८६चा नियम आजही कामी येतो: धन प्रभाराची आम्लं बहुधा आतल्या बाजूला राहतात. जिवाणूंमधल्या ईएमआरई या प्रथिनात दोन्ही बाजूंचा प्रभार जवळपास सारखा, त्यामुळे त्याचे काही रेणू सुलटे बसतात, काही उलटे. त्याच्या शेपटाला धन प्रभाराचं एकच आम्ल लावलं तरी त्याची दिशा ठरते, हे २०१०मध्ये प्रयोगाने दिसलं.