पट्टी लिहिता लिहिता

सांगलीचं मार्केट यार्ड. हळदीचे सौदे नुकतेच उरकलेत. हमाल पोती हलवतायत, पिवळी धूळ घशात बसतेय. अडत दुकानात दिवाणजी शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाचे हिशेब, करतायत. पोती, वजन, दर, हमाली, तोलाई. पुढची पट्टी. पुन्हा पोती, वजन, दर. कॉलेज सुटल्यापासून हेच काम.

नीट बघा, त्यांचे ओठ हलतायत. आकडेमोड चाललीय असं वाटेल; पण दिवाणजी आत्ता इथं नाहीतच. तिसरी घंटा झालीय, पडदा वर गेलाय आणि पहिल्याच वाक्याला टाळी पडलीय.

"ओ दिवाणजी, ध्यान कुठं हाय? माझी पट्टी द्या की!"

टाळी तिथंच थांबते.

नाटकच का, हा प्रश्न सांगलीत कुणी विचारत नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच गावात, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानं, 'सीता स्वयंवर' रंगमंचावर आणलं. मराठी रंगभूमीची सुरुवात तिथून मानतात. इथल्या माणसाला स्वप्नात रंगमंच दिसला, तर त्यात नवल काय?

दिवाणजींना आळशी म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. २०१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २,२५० जणांना दिवसभरात अधूनमधून मोबाइलवर विचारलं: आत्ता काय करताय, मन कुठं आहे, बरं वाटतंय का? जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. म्हणजे मनोराज्य आपण सगळेच करतो. पण त्याच अभ्यासात एक दुखरी गोष्टही निघाली. मन भटकत असताना माणसं कमी सुखी होती. अगदी गोड विचारांत रमलेली माणसंही, कामात लक्ष असलेल्यांपेक्षा जास्त सुखी नव्हती.

मनातले मांडे खाऊन पोट भरत नाही, हे आपल्याकडे आजीसुद्धा सांगते. तरी माणूस ते खातो, कारण समोरच्या ताटात त्याला हवं ते वाढलेलं नसतं. काहींचं तर ताटाकडे लक्षच जाईनासं होतं. तासन्‌तास कल्पनेत, झोप नाही, काम नाही, माणसं नकोशी. इस्रायलमधले मानसशास्त्रज्ञ एली सोमर यांनी २००२ मध्ये अशा दिवास्वप्नांवर पहिल्यांदा लिहिलं. तिथं मदत घ्यायलाच हवी.

दिवाणजींचं तसं नाही. त्यांच्या पट्टीत पैशाचीही चूक नसते. त्यांची अडचण वेगळी आहे, आणि ती त्यांनी स्वतःच सांगितली. गल्लीतल्या हौशी मंडळींनी त्यांना एकदा भूमिका देऊ केली होती. ते नाही म्हणाले.

"मनातल्या नाटकात मी वाक्य विसरत नाही," ते म्हणाले. "तिथं खुर्च्या रिकाम्या नसतात. खरं नाटक पडलं, तर मग दुपारी दुकानात बसून मी बघू काय?"

इतकी वर्षं जपलेली गोष्ट पणाला लावायची भीती. मला ती अगदी खरी वाटते.

घरी बायको मात्र ऐकत नाही. "तालमीला जा की एकदा. पोळ्या लाटताना मला किती ऐकवाल?"

"हळदीचा हंगाम संपू दे," दिवाणजी म्हणतात.

मंडळींच्या तालमी रात्री साडेआठला असतात. दुकान सातला बंद होतं.