तोंडओळखीचे मोल

नव्या उपनगरात बिऱ्हाड हलवल्यावर पहिले काही आठवडे कामाचा रगाडाच इतका असतो की एकटेपणा जाणवायलाही उसंत मिळत नाही. खोकी उघडायची असतात, जागोजागी पत्ता बदलून घ्यायचा असतो, मुलांच्या शाळेचे पाहायचे असते. हे सारे मार्गी लागल्यावर एखाद्या संध्याकाळी माणूस सहज खाली उतरतो, घराभोवती एक फेरी मारून परत येतो, आणि कुलूप उघडताना त्याच्या लक्षात येते की या अर्ध्या तासात आपल्याकडे पाहून एकाही चेहऱ्यावर ओळखीची रेषा उमटली नाही. आज मला त्या संध्याकाळीविषयी बोलायचे आहे.

माझे म्हणणे असे की नवख्या माणसाला आधी उणीव भासते ती मैत्रीची नव्हे, तोंडओळखीची. जिवाभावाची माणसे दूर राहिली तरी फोनवर भेटतात. पण जुन्या घराजवळच्या वळणावर रोज दिसणारा, नावही ठाऊक नसलेला गृहस्थ फोनवर भेटत नाही. तो मागे राहिला हे आपल्या ध्यानातसुद्धा येत नाही, कारण त्याला आपण कधी आपल्या माणसांत धरलेलेच नसते.

या नात्याचा अभ्यास स्टॅनली मिलग्रम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने केला आणि १९७२ मध्ये तो मांडला. न्यूयॉर्क परिसरातल्या रेल्वे फलाटांवर रोज उभ्या राहणाऱ्या प्रवाशांची छायाचित्रे त्याच्या विद्यार्थ्यांनी काढली आणि ती त्याच प्रवाशांना दाखवली. चेहऱ्याने ओळखतो पण कधी बोललो नाही, अशी सरासरी ४ माणसे प्रत्येकाने दाखवली. ज्यांच्याशी बोलणे होते अशांची सरासरी जेमतेम दीड होती. मिलग्रमने नोंदवलेली ब्रुकलिनची एक घटना मला या आकड्यांहून अधिक बोलकी वाटते. एक स्त्री रस्त्यात कोसळली. त्याच रस्त्यावर राहणारी एक व्यक्ती तिला वर्षानुवर्षे नुसती पाहत आली होती, दोघींत ओळख अशी नव्हती. पण तिने रुग्णवाहिका बोलावली आणि बरोबर बसून ती रुग्णालयापर्यंत गेली. तोंडओळखीत एवढे बळ असते, ते एरवी दिसत मात्र नाही.

मग ही ओळख होते कशी? आपण समजतो की ती स्वभावावर अवलंबून आहे. बोलक्या माणसाला जमते, अबोल माणसाला जमत नाही. लिऑन फेस्टिंगर, स्टॅनली शाक्टर आणि कर्ट बॅक या सामाजिक मानसशास्त्रज्ञांचा १९५० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या समजुतीला मोठा छेद देतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने युद्धावरून परतलेल्या विवाहित विद्यार्थ्यांसाठी वसाहत बांधली होती. तिथल्या दुमजली इमारतींत प्रत्येक मजल्यावर ओळीने ५ घरे होती, आणि कोणाला कोणते घर मिळावे यात आवडीनिवडीला वाव नव्हता. एकाच मजल्यावर अगदी लागून घरे असलेल्यांपैकी ४१ टक्क्यांनी एकमेकांना जवळचे मानले. मध्ये एक घर आले की हे प्रमाण २२ टक्क्यांवर आले आणि मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत अवघ्या १० टक्क्यांवर. ही दोन टोके किती लांब होती? नव्वद फुटांच्या आतच. त्याहून लक्षात घेण्यासारखी गोष्ट जिन्याची आहे. तळमजल्यावर ज्यांचे दार जिन्याच्या पायथ्याशी होते, त्यांची वरच्या मजल्यावरच्यांशी अधिक मैत्री झाली, कारण वर जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्या दारावरूनच जावे लागे. टपालपेट्यांजवळच्या घराचेही तसेच. आपल्याला कोणी विचारत नाही म्हणून स्वतःला बोल लावणाऱ्या प्रत्येक नवख्याला मी हे सांगत असतो: आधी तुमचे दार कुठे उघडते ते पाहा.

उपनगराची अडचण इथेच आहे. घरे मोठी होतात, अंतरे वाढतात, माणूस वाहनातून थेट घरात शिरतो आणि कोणाच्या दारावरून जाण्याचा प्रसंगच येत नाही. मायकल यंग आणि पीटर विलमट या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये लंडनच्या बेथनल ग्रीनमधून बाहेरच्या नव्या वसाहतीत गेलेल्या कुटुंबांविषयी लिहिले. जुन्या वस्तीत एखाद्या विवाहितेची आईवडील, सासूसासरे आणि भावंडे यांच्याशी आठवड्यात सरासरी १७ वेळा गाठ पडे. नव्या वसाहतीत ती ३ वर आली. घर पूर्वीपेक्षा चांगले, बाग स्वतःची, आणि दिवस मात्र लांबच लांब.

म्हणून उपनगर म्हणजे उदासवाणी जागा असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. हर्बर्ट गॅन्स हे समाजशास्त्रज्ञ १९५८ मध्ये न्यू जर्सीतल्या लेव्हिटटाऊन या नव्याकोऱ्या वसाहतीत स्वतः राहायला गेले आणि दोन वर्षे राहिले. बहुतेक रहिवासी तिथे समाधानी असल्याचे त्यांना आढळले. सगळेच नवे असल्याने कोणालाच कोणाकडे जाताना संकोच नव्हता. कुचंबणा झाली ती किशोरवयीन मुलांची, कारण त्यांना चार जणांत जमायला जागाच ठेवलेली नव्हती. नगर आखणाऱ्यांनी हे मनावर घ्यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पण आपण बहुतेक जण वसलेल्या वस्तीत उशिरा येतो. तिथे जिना आपल्या वाट्याला आला नसेल, तर तो आपणच शोधावा लागतो. रोज त्याच वेळी, त्याच वाटेने फिरायला जाणे, वाचनालयात ठरावीक वारी जाणे, एवढेही पुष्कळ होते. जेफ्री हॉल या अमेरिकी संवाद-अभ्यासकाच्या २०१८ मधल्या अभ्यासात नुकतेच स्थलांतर केलेली प्रौढ माणसे होती. नुसत्या ओळखीची सैलशी मैत्री व्हायला सुमारे ५० तास आणि घट्ट मैत्रीला २०० हून अधिक तासांचा सहवास लागतो, असे त्यांना दिसले. दुसऱ्याच महिन्यात निराश होणाऱ्याने हा हिशेब जरूर करावा.

मी नव्या जागी राहायला गेलो तेव्हा सकाळी ठरलेल्या बसने जात असे. थांब्यावर राखाडी छत्री हातात धरलेल्या एक वयस्क बाई असत. त्या छत्रीची मूठ तुटलेली होती आणि तिला दोरा गुंडाळलेला होता, हे मला अजून आठवते. त्यांचे नाव मला कधीच कळले नाही. चार महिने आम्ही एकमेकांकडे पाहून मान हलवत होतो, त्यापलीकडे काही नाही. मग मी दोन दिवस तापाने घरी राहिलो. तिसऱ्या दिवशी थांब्यावर पोहोचलो, तेव्हा त्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली आणि विचारले, “दोन दिवस दिसला नाहीत?”