नळाला हात लावला की झिणझिण्या येतात? नुसती कॉइल बदलून थांबू नका

नमस्कार. माझ्या हातात आहे ती गिझरची कॉइल, माझ्या आईच्या बाथरूममधली. इथे बघा, क्षार साचून वरची नळी चिरली आहे. या चिरेतून करंट पाण्यात उतरला, टाकीत उतरला आणि तिथून नळात.

‘नळ चावतो गं,’ असं आई दोन आठवडे म्हणत होती. रबरी चप्पल घालून आंघोळ कर, असं मीच तिला सांगितलं. ते आठवलं की अजून पोटात खड्डा पडतो. एका सकाळी तिला जोरात शॉक बसला, ती मागे पडली आणि मनगट मोडलं.

वायरमन आला, कॉइल बदलली, गिझर चालू करून दाखवला आणि गेला. आम्हीही निर्धास्त झालो. पुढे दुसऱ्या कामासाठी आलेल्या एका जुन्याजाणत्या वायरमनने सहज गिझरचा बोर्ड उघडला. सॉकेटच्या मागे हिरवी वायर होती, पण ती कशालाच जोडलेली नव्हती. टोकाला टेप गुंडाळून आत कोंबलेली!

(तीन पिनांचा टॉप दाखवत) ही वरची पिन बाकीच्या दोन्हींपेक्षा लांब आणि जाड असते. टॉप खोचताना आधी अर्थिंग जोडलं जावं, मगच वीज यावी, म्हणून. आतला करंट गिझरच्या पत्र्यात आला तर तो या हिरव्या वायरने जमिनीत जायला हवा. ही वाट बंद असेल, तर तो नळ धरलेल्या माणसातून जातो.

मग एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, का पडला नाही? कारण तो वायर वाचवायला असतो, माणूस नाही. 2000 वॉटचा गिझर 9 अँपिअरच्या आसपास घेतो आणि एमसीबी असतो 16 चा. ओल्या शरीराचा रोध साधारण 1000 ओहम धरला, तर 230 व्होल्टला अंगातून पाव अँपिअरही जात नाही. एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही, पण हृदय बंद पाडायला तेवढा करंट पुरेसा असतो.

माणसासाठी असतो तो आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत येतोय का, एवढंच तो सतत बघतो. घरासाठी 30 मिलिअँपिअरचा घ्या. तेवढी गळती झाली की क्षणात वीज तोडतो. मात्र एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल आली, तर त्याला काही कळत नाही. आणि तो बसवला म्हणून अर्थिंग किंवा एमसीबी टाळता येत नाही.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. अर्थिंग नसलं की काही जण सॉकेटमध्येच अर्थची पिन न्यूट्रलला जोडून देतात. हे अजिबात करू देऊ नका. उद्या न्यूट्रल तुटली, तर गिझरचा अख्खा पत्रा 230 व्होल्टवर येईल.

वायरमन आला की जुन्या तारेच्या बल्बच्या (एलईडी नव्हे) होल्डरची एक वायर फेजला आणि दुसरी अर्थला लावून दाखवायला सांगा. बल्ब पूर्ण उजेडाने पेटला, तर हिरवी वायर निदान कुठेतरी पोचते आहे. मिणमिणला, तर जोडणी कच्ची आहे. आरसीसीबी असेल तर या तपासणीत तो पडेल, पडायलाच हवा.

आणि नळ चावायला लागला, तर त्याच क्षणी गिझर बंद करा. कुणी चिकटलं असेल तर त्याला हात लावू नका, आधी मेन स्विच पाडा.

आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा. खटका पडलाच पाहिजे.

आईकडचा आरसीसीबी जुलैत सारखा पडायला लागला. ‘काढून टाका की तो,’ असं शेजारून सुचवलं गेलं. आईने काढू दिला नाही, वायरमनला बोलावलं. बाल्कनीतल्या बोर्डात पावसाचं पाणी शिरलं होतं.