सायकलची वही

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या वडिलांच्या काळ्या सायकलच्या पुढच्या चाकाशी एक छोटीशी डबी बसवलेली होती. चाकाच्या एका तारेवर पिन असायची. चाकाचा एक फेरा झाला की ती पिन डबीच्या दातेरी चक्राला टिचकी मारायची आणि आतले आकडे पुढे सरकायचे. टिक, टिक, टिक. हा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की आई आधण ठेवायची. रविवारी वडील डबीवरचा आकडा एका वहीत लिहायचे, आणि त्याच्याच शेजारी त्या आठवड्यात सायकलला काय केलं तेही लिहायचे. 'तेल दिलं.' 'मागे पंक्चर.' 'ब्रेकचे रबर नवे.'

आज मी रोज कोथरूडहून शिवाजीनगरला सायकलने कामावर जाते. जाऊन-येऊन १४ किलोमीटर होतात. वही मीही ठेवते. त्या वहीबद्दलच आज बोलायचं आहे, कारण सायकल रोज चालवणारी खूप माणसं मला भेटतात, पण ती किती चालली हे सांगू शकणारी फार थोडी. 'दिवाळीत सर्व्हिसिंग केलं होतं,' एवढंच उत्तर मिळतं. सायकल महिन्यांनी झिजत नाही हो, ती किलोमीटरने झिजते. महिनाभर जिन्याखाली उभी असलेली सायकल आणि त्याच महिन्यात साडेतीनशे किलोमीटर चाललेली सायकल, या दोघींना एकच तारीख कशी लावायची?

मोजायला आता डबीच्या जागी छोटा मीटर मिळतो. तारेला लोहचुंबक, चाक धरणाऱ्या दुपाखी दांड्याला, म्हणजे फोर्कला, सेन्सर. पण तो मोजतो चाकाचे फेरे, अंतर नाही. एका फेऱ्यात चाक किती पुढे जातं हे त्याला आपण सांगावं लागतं. माझा मीटर ज्यांनी बसवून दिला, त्यांनी २१७० मिलिमीटर हा आकडा टाकला होता. मी वर्षभर खुशीत होते. मग एकदा स्वतः मोजलं, तर माझं चाक एका फेऱ्यात २०५० मिलिमीटरच जात होतं. म्हणजे मीटर हजार दाखवायचा तेव्हा मी खरी ९४५ किलोमीटरच गेलेली असायचे. वाईट वाटलं. वहीतली सगळी पानं पुन्हा हिशेब करून सुधारली.

मोजायची रीत सोपी आहे. टायरमध्ये नेहमीएवढी हवा भरा. टायर जिथे जमिनीला टेकतो तिथे खडूची रेघ मारा, तशीच खाली फरशीवर. मग सायकलवर बसा, कारण आपल्या वजनाने टायर थोडा दबतो आणि फेरा लहान होतो. घरातल्या कुणाला तरी हँडल धरायला सांगा आणि सरळ रेषेत तीन फेरे पुढे जा. मोजपट्टीने अंतर मोजा, तिनाने भागा. मीटर नसेल तर घर ते ऑफिस हे अंतर एकदा नीट मोजून रोजच्या फेऱ्या लिहिल्या तरी चालतं.

आता या आकड्याचा उपयोग चेनला कसा होतो पाहा. चेनच्या प्रत्येक दोन पिनांमध्ये बरोबर अर्धा इंच असतो. म्हणून नव्या चेनवर १२ इंची पट्टी ठेवली की शून्यावर एक पिन आणि बारावर एक पिन, अगदी चपखल. चेन चालून चालून पिना आतून झिजतात, आणि बारावरची पिन पुढे सरकते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग; अर्धं सूत सरकली की नवी चेन आणून ठेवायची. एक सूत सरकेपर्यंत थांबलात तर फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राचे, दातेही खाल्ले जातात, मग नवी चेन टाकली तरी ती त्या दात्यांवर घसरते. दर ५०० किलोमीटरला मी पट्टी लावते. दोन मिनिटांचं काम आहे. तेल मात्र चेनच्या आतल्या बाजूला, एकेका कडीवर एकेक थेंब द्यावं, आणि वरचं जास्तीचं फडक्याने पुसून काढावं. वर ओलं तेल राहिलं की त्यावर धूळ बसते, आणि ती धूळच चेन कुरतडते.

पंक्चरचंही तसंच. ट्यूब बसवताना मी व्हॉल्व्ह टायरवरच्या नावासमोर ठेवते, म्हणजे ट्यूबची कुठली जागा टायरच्या कुठल्या जागेसमोर होती ते नंतर कळतं. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूबवर बुडबुडे दिसले की टायरच्या त्याच जागी आतून बोट फिरवायचं, हळूच. बहुतेक वेळा बाभळीच्या काट्याचं टोक तिथे रुतून बसलेलं असतं, बाहेरून न दिसणारं. ते काढलं नाही तर ठिगळ कितीही चांगलं लावा, संध्याकाळी पुन्हा हवा नाही. ट्यूब कोरडी करायची, पॉलिश पेपरने घासायची, सोल्यूशनचा पातळ हात द्यायचा आणि थांबायचं. इथेच सगळे घाई करतात. सोल्यूशन बोटाला चिकटायचं थांबलं, की मगच ठिगळ दाबायचं.

पावसाळ्यात ब्रेकच्या रबरांकडे आठवड्याला एकदा पाहाच. त्यात वाळूचे कण रुततात आणि रिमवर चरे पाडतात. पिनेने ते उकरून काढावेत. लोखंडी रिम असेल तर पावसात ब्रेक उशिरा लागतो, तेव्हा पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवा.

माझ्या वहीत काल ओळ लिहिली: 'मागचा टायर, ६,१०० किलोमीटर, मधली नक्षी गेली.' पुढचा टायर अजून चांगला आहे, मागच्या चाकावर वजन जास्त येतं ना. शनिवारी नवा टायर बसवेन, आणि वडिलांच्या वहीतल्यासारखंच त्याच्यापुढे शून्य लिहून पुढचं पान सुरू करेन.

नमस्कार.