खुर्ची मिळाली, उंबऱ्याचं काय?

नमस्कार मंडळी. मी काय वक्ता नव्हे, आयुष्य बांधकामावर ओव्हरसिअर म्हणून गेलं, त्यामुळं माईकपेक्षा हातात टेप असला की बरं वाटतं मला. आणि आजचा विषय पण टेपचाच आहे बघा.

आमचं घर बेळगावच्या वडगावात, जुनं विणकराचं घर, पुढं सोपा, मग मागाची खोली, मग स्वयंपाकघर आणि मोरी-संडास पार मागच्या परड्यात. रस्त्यापासून जोतं दोन फूट. आईला अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली, मग सर्टिफिकेट झालं, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, ते कार्ड झालं, एका शिबिरात व्हीलचेअर पण मिळाली, हार घालून फोटो काढला. खुर्ची रिक्षातनं घरी आणली आणि ती सोप्यातच राहिली. का, तर खुर्ची 26 इंच आणि मधलं दार 24. वर उंबरा चार इंचाचा, परड्यात उतरायला दोन पायऱ्या. शेवटी त्या खुर्चीवर पेपरची रद्दी ठेवायला लागलो की हो आम्ही.

म्हटलं रॅम्प करूया, मी तर त्यातलाच माणूस. हिशेब असा असतोय, एक फूट चढायला बारा फूट लांबी, त्यापेक्षा उभा केला तर ढकलणारा दमतोय आणि बसलेला घाबरतोय. म्हणजे दोन फुटाला चोवीस फूट. आमची गल्ली आठ फुटाची. मेस्त्री म्हणाला, "साहेब, समोरच्यांच्या चुलीपर्यंत जातोय बघा तुमचा रॅम्प."

मग रॅम्प सोडला. मधला उंबरा काढला (आत्यानं दोन दिवस अबोला धरला, घरातनं लक्ष्मी जाते म्हणून), दार तीन फुटी केलं, माग विकलेच होते तर मागाचा खड्डा भरून त्याच खोलीच्या कोपऱ्यात कमोड आणि मोरी केली, भिंतीला जीआय पाईपचा दांडा. आई पहिल्यांदा एकटी संडासला जाऊन आली तेव्हा काही बोलली नाही, नुसतं दार आतनं लावून घेतलं होतं तिनं. दीड वर्षानं. खर्च सगळा पदरचा.

आता हे पैसे सरकारकडं मागायचे तर कुठल्या खिडकीवर जायचं? केंद्राची एडिप म्हणून योजना आहे, त्यात खुर्ची, तीनचाकी, कानाचं मशीन मिळतंय. म्हणजे माणसाला वस्तू. नवीन घराला पण आहे, पीएम आवास ग्रामीणमध्ये 1 लाख 20 हजार, आणि 2016 च्या दिव्यांग कायद्याच्या कलम 37 नं घरांच्या योजनेत 5 टक्के राखीव. चांगलंच आहे. पण ज्याचं घर आधीच आहे, जुनं, उंबऱ्याचं, त्याच्या मोरीचं काय? आणि नवीन 25 चौरस मीटरच्या घरात पण संडास तीन बाय चारचाच बांधला तर कोटा मिळून उपयोग काय, खुर्ची वळवायलाच पाच फूट लागतात.

इंग्लंडमध्ये यासाठी वेगळं अनुदान आहे, घरात फेरफार करायला, तिथल्या कौन्सिलमार्फत, म्हणजे आपल्या नगरपालिकेसारखं, 30 हजार पौंडांपर्यंत. मला आवडलं ते पैशापेक्षा त्याची सुरुवात कुठनं होते ते. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं आपली आपण जमावीत म्हणून मदत करणारा तज्ज्ञ, घरी येतो, माणूस अंघोळ कशी करतोय, उठतोय कसा ते बघतो, मग काय बदलायचं ते ठरतं. भाडेकरूला पण अर्ज करता येतो. कौन्सिलनं सहा महिन्यांत हो की नाही सांगायचंच, कायदाच आहे. मोठ्या माणसाचं उत्पन्न बघतात, लहान मूल असेल तर आईबापाचं बघत नाहीत. तिथं पण सगळं गोडगोड नाही, ती 30 हजाराची मर्यादा 2008 पासून तशीच आहे, आणि सिमेंट-मजुरी काय थांबलीय होय तेव्हापासनं?

आपल्याकडं एक दार अर्धं उघडं आहे. कर्नाटकात ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी ठेवायचे असतात, आणि पंचायतीला व्हीआरडब्ल्यू म्हणजे दिव्यांगांच्या पुनर्वसनाचा कार्यकर्ता असतोय, गावातलाच दिव्यांग माणूस. अर्ज कन्नडात असतोय म्हणून आपली माणसं मागं सरतात, त्याच्याकडनं भरून घ्या की. मी बघितलंय त्या पंचायतींत हे पैसे सायकल, शिलाई मशीन असल्या वाटपात जातात, कारण वाटप स्टेजवर करता येतंय. मोरीतल्या दांड्याचं उद्घाटन कोण करणार? ग्रामसभेत उठून विचारायचं, आमच्या पंचायतीची रक्कम किती, गेल्या वर्षी कशावर गेली, आणि त्यातनं दोन घरांचे संडास का होत नाहीत. मेस्त्रीचं एस्टिमेट सोबत न्या, नुसत्या अर्जापेक्षा आकडा दिसला की सेक्रेटरी बसा म्हणतोय.

आणि जाता जाता, या हॉलच्या पायऱ्या मी चहाच्या आधी मोजल्या, तीन आहेत, सहा-सहा इंचाच्या. म्हणजे रॅम्प अठरा फूट. डाव्या बाजूला स्कूटर लावल्यात तिथं बावीस फूट जागा आहे. टेप माझ्याकडं आहे, कमिटीचं कोण आहे इथं?