लालबागची हळद आणि अर्धा मिलिमीटर

(दृश्य: मसाल्याची गल्ली, डंकाचा आवाज)
मे महिना. लालबागला डंक थांबत नाहीत. वर्षभराचा मसाला इथून घरोघर जातो. मिरची डोळ्यांत जाते, हळद बोटांवर राहते.
याच गल्लीमागच्या चाळीत, पहिल्या मजल्यावरच्या डेंटल लॅबमध्ये, नकली दात घडतात.

(दृश्य: ब्रश, पोर्सिलेनची पूड)
ही गुलाबी पूड दाताच्या आतल्या थराची. शेजारची पांढुरकी, ती वरच्या इनॅमलची. गुलाबी रंग फक्त कारागिराच्या नजरेसाठी, भट्टीत तो जळून जातो. पूड पाण्यात कालवायची, ब्रशच्या टोकाने थर चढवायचा, टिश्यूने पाणी टिपायचं. भाजताना माल आकसतो, म्हणून दात मुद्दाम मोठा घडवायचा. कारागीर काकांनी श्वास रोखलाय. कॅमेरा नसतानाही रोखतात म्हणे.
आठशे-नऊशे अंशांच्या भट्टीतून निघतं ते जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचं कवच. व्हेनिअर, दातावर समोरून चिकटवायचं. शेवटी ग्लेझ, काचेसारखं गुळगुळीत.

(दृश्य: खिडकीपाशी शेड गाइड)
शेड गाइड म्हणजे दातांचा रंग जुळवायचे नमुने. गाइडवर 16 छटा. 'ए' तांबूस-तपकिरी, 'सी' करड्या. दवाखान्यातून चिठ्ठी येते, तिच्यावर नुसतं 'ए 2'. दात ओला असताना पाहिला की सुकल्यावर, ते कुणी लिहीत नाही. सुकलेला दात जास्त पांढरा दिसतो. छटा चुकली की खापर मात्र लॅबवर.

(दृश्य: स्टीलच्या दोन वाट्या)
खालच्याच गल्लीतली हळद, कोमट पाणी. एका वाटीत कॉम्पोझिटचा, म्हणजे दातावर लावायच्या रेझिनच्या मिश्रणाचा तुकडा, दुसरीत पोर्सिलेनचा. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे, आमचा हट्ट.
सकाळी दोन्ही नळाखाली धरले. पोर्सिलेन होतं तसं. कॉम्पोझिट पिवळं. त्यातलं रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखा भाग, हळूहळू पाणी पितं आणि पाण्याबरोबर रंगही. पॉलिश कमी पडलं असेल तर विचारूच नका. चहा, कॉफी, तंबाखू, सगळ्यांचं तेच.
पोर्सिलेनचीही एक कच्ची जागा आहे: कडेची सिमेंटची रेघ. ते सिमेंट रेझिनचंच, म्हणून कालांतराने तिथे तपकिरी कड उमटू शकते. ब्लीचिंगने व्हेनिअर उजळत नाही. आणि व्हेनिअर बसवण्यासाठी घासलेलं इनॅमल परत येत नाही.

(दृश्य: छोटी प्लास्टिकची डबी, जिना)
संध्याकाळी पोऱ्या डबी घेऊन करी रोड स्टेशनकडे निघतो. डबीवर तीन गोष्टी लिहिल्यात: दवाखाना, पेशंटचा नंबर, ए 2.