डेनारियस: ठसा कोरणाऱ्याची कमाल

हे बघा, दोन खंजीर आणि मधे एक टोपी. आकाराने आपल्या रुपयापेक्षाही जरा लहानच, वजन चार ग्रॅमच्या आसपास. रोमचं चांदीचं नाणं, डेनारियस, साल इ.स.पू. 42.

आता हे चित्र उमटायचं कसं ते नीट बघा, कारण आमच्या मते खरी कमाल इथेच आहे. आधी ठसा कोरायचा, तोही उलटा, म्हणजे अक्षरं आरशात दिसतात तशी, आणि खोलगट, नाक जेवढं वर यायला हवं तेवढं आत खणायचं. मग खालचा ठसा ऐरणीत घट्ट बसवला, त्यावर चांदीची चकती ठेवली, वरून दुसरा ठसा हातात धरला आणि घातला हातोडा! सगळं हाताचंच काम, त्यामुळे चकती जराशी सरकली तरी छाप हुकायचा. या नाण्यावर बघा, अर्धी अक्षरं पार कडेबाहेर गेलीत पण चेहरा शाबूत आहे.

आणि एवढ्याशा जागेत काय काय सांगून जायचे! हा रोमचा सेनापती ज्युलियस सीझर याचा हत्ती, इ.स.पू. 49 चा, पायाखाली सापासारखं काहीतरी चिरडतोय. हा बैल लांडग्याला शिंगावर घेतोय, हे नाणं रोमचं नाहीच, रोमविरुद्ध उठलेल्या इटलीतल्या लोकांनी पाडलेलं, बैल म्हणजे इटली आणि लांडगा म्हणजे रोम.

परत खंजिरांकडे येऊ. गुलामाला मोकळं केलं की अशी टोपी मिळायची, आणि खालची अक्षरं म्हणजे 15 मार्च, सीझरला मारला तो दिवस. जरा झूम करून बघा, दोन्ही खंजिरांच्या मुठी वेगवेगळ्या कोरल्यात. दुसऱ्या बाजूला खुद्द ब्रूटसचा चेहरा, म्हणजे सीझरला मारणाऱ्यांच्या म्होरक्याचा; सीझर राजा होऊ बघतोय म्हणून त्याला मारलं आणि स्वतःचा चेहरा मात्र सीझरसारखाच नाण्यावर घातला. प्लेटोरियस सेस्टियानस या अधिकाऱ्याचंही नाव आहे. ज्याने हे कोरलं त्याचं नाव ना नाण्यावर, ना म्युझियमच्या पाटीवर, आणि याचं आम्हाला खरंच वाईट वाटतं, कारण आज आपण जे डोळे फाडून बघतोय ते त्याच्याच हातचं आहे.

हे नाणं निघालं त्याच वर्षी, इ.स.पू. 42 मध्ये, ग्रीसमधल्या फिलिप्पीच्या लढाईत ब्रूटस हरला, त्याने जीव दिला. पुढे इ.स. 64 च्या सुमारास रोमचा सम्राट नीरो याने नाण्यातली चांदी कमी केली, आणि तिसऱ्या शतकात तर ती नावापुरतीच उरली, कोरीवकामही बरंच ढासळलं.